बांगड्या भरताना बोललेलं

त्या वर्षी आमच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी माध्यमांनी जे काही मिळवलं, त्याचा एक भलामोठा फ्लेक्स वर्षाच्या शेवटी डिपार्टमेंटच्या जिन्यात लागला. कॅम्पस रेडिओ त्याच वर्षी सुरू झाला होता. भिंतीवर चिकटवायचं पाक्षिक त्याच वर्षी छापायला लागलं होतं. लघुपटाला कुठलं तरी उत्तेजनार्थ मिळालं होतं. आणि सगळ्यात वर, लाल अक्षरांत, राज्यपातळीवरच्या स्पर्धेत रेडिओ डॉक्युमेंटरीला पहिलं बक्षीस. त्या लाल अक्षरांखाली दोन मुलींचा फोटो होता. डावीकडची मी.

पोरंपोरी जिना चढता-उतरता थांबून बघायची, अभिनंदन करायची. मी मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करायला लागले.

मी शेवगावची. आम्ही मणियार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बांगड्या विकणारे. आठवडी बाजारात अम्मी-अब्बांचं दुकान असतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली गोधडीवर मांडलेली बांगड्यांची तोरणं. माल आणायचा, मांडायचा, आवरायचा, हे अब्बांचं काम. बांगड्या भरायचं काम अम्मीचं. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पत्रकारितेची पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गात. हे मी अभिमानानं सांगते. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटू दे.

बांगडी भरणं बघितलं असेल तुम्ही, पण अम्मीच्या हातचं बघायला पाहिजे. ती बाईचा हात आपल्या दोन्ही हातांत घेते, बोटं एकत्र जुळवते, अंगठ्याखालचं हाड आत दाबते आणि काचेची बांगडी कशी वर गेली ते कळतसुद्धा नाही. पण हात ढिला असला तरच. भीतीनं आवळला तर बांगडी जागच्या जागी फुटते. म्हणून अम्मी हात धरला की पहिलं बोलायला लावते. "बोल गं. काय चाललंय तुझं? पोरं बरी हायेत का?" बाई बोलायला लागते, तिचं लक्ष बोलण्यात जातं आणि हात आपोआप सैल पडतो. अम्मीच्या धंद्यात बोलणं हे असं कामाचं असतं. त्यामुळे तिला आसपासच्या गावांतलं जेवढं माहीत आहे, तेवढं पोलीस पाटलाला नसेल. आणि तिनं त्यातलं एक अक्षर कधी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. अब्बांनाही नाही.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत दुकानावर श्वास घ्यायला सवड नसते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका निघायच्या आधी हात भरून घेतात. तिकडं फडात त्या बांगड्या किती टिकणार, हे त्यांनाही माहीत असतं. तरी मोकळ्या हातानं कुणी निघत नाही.

तिसऱ्या वर्षी स्पर्धेसाठी विषय द्यायचे होते. सरांनी वर्गात विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बांगड्या भरताना बायका काय बोलतात, ते."

माझ्या शेजारी बसलेली माझी मैत्रीण बाकावरून उठलीच. "सर, हा आमच्या दोघींचा विषय!"

ती नगरची. वडील शिक्षक, आई बँकेत. पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडलं की मागची पोरं "हाय का, न्हाई का" करून चिडवायची, तेव्हा ही मागं वळून त्यांना म्हणाली होती, "तुमची इंग्रजी ऐकलीय आम्ही. गप बसा." तेव्हापासून आम्ही एकत्र. कॉम्प्युटरवर आवाज कसा कापायचा, कसा जोडायचा, हे मला तिनं शिकवलं. होस्टेलचं जेवण नकोसं झालं की मी तिच्या घरी जेवायचे. ईदला ती आमच्याकडं यायची. अम्मीनं तिच्या हातात मोरपंखी बांगड्या भरल्या होत्या आणि म्हणाली होती, "हिचा हात लोण्यासारखा हाय. ही पोरगी मनानं साफ हाय." अम्मी हातावरून माणूस ओळखते. त्या एका हाताच्या बाबतीत ती चुकली.

दिवाळीच्या आधीच्या बाजाराला आम्ही दोघी रेकॉर्डर घेऊन दुकानात बसलो. चोरून काही केलं नाही. येईल त्या बाईला अम्मी आधी सांगायची, "पोरीच्या कालिजाचं हाय, रेडिओवर लागतं. बोलायचं तर बोला, न्हाई तर बंद करते." बहुतेक हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, "माझा आवाज लागला तर मुकादमाला सांग, मला तोडीतनं काढून रेडिओवर घे म्हनावं." अख्खं दुकान हसलं. खूप चांगलं रेकॉर्डिंग मिळत होतं.

दुपार कलल्यावर एक काकू आली. तिला मी लहानपणापासून ओळखते. तिचा आवाज घोगरा आणि हसताना मधेच फुटणारा. बाजाराच्या गर्दीत ती दिसायच्या आधी ऐकू येते. तिनं रेकॉर्डर बघितला, "बोलते की, मी काय भिते का!" म्हणाली आणि हात पुढं केला. हिरव्या बांगड्या चढत होत्या. बोलता बोलता तिचा आवाज खाली आला.

"भाभी, पोरीला या सालाला न्हेत न्हाई. श्रीरामपूरला बहिनीकडं ठिवून चालले."

"घरचे सोडत्यात व्हय?"

"सोडत्यात कशाचे. सांगितलंय, बहीन बाळंतपनाला टेकलीय, हाताखाली पोरगी पायजे. बहिनीला काय न्हाई आन काय न्हाई!" ती हसली, तशीच फुटून. "थोरल्या दिरानं जागा बघितलीय तिच्यासाठी. हंगाम सरला की लग्नाचा बार उडवायचा म्हनतोय. नवा कोयता व्हतो ना घरात." नवरा-बायकोच्या तोडणाऱ्या जोडीला तिकडं कोयता म्हणतात. "मी म्हनलं, एकदा दहावीचा पेपर दिऊ दे माझ्या पोरीला. मंग बघू कोन काय करतंय. तिथंच शाळंत नाव घातलंय. कुनाला ठावं न्हाई. तुला म्हनून सांगते."

मग तिचं लक्ष रेकॉर्डरकडं गेलं आणि चेहरा उतरला.

मी म्हटलं, "काकू, हे काढून टाकते. हे लागणार नाही."

"काढ बाई. आईची शपथ घे."

मी तिच्यासमोर अम्मीच्या हातावर हात ठेवला आणि शपथ घेतली. माझी मैत्रीण शेजारीच बसलेली होती. तीही म्हणाली, "काकू, काळजीच करू नका." काकूनं दोघींच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

आमच्या डिपार्टमेंटचा एक नियम होता. आदल्या बॅचच्या पोरांनी होस्टेलच्या खोलीत बसून एकमेकांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि शेतकऱ्यांच्या म्हणून खपवल्या होत्या. तेव्हापासून मूळ रेकॉर्डिंग, एक सेकंद न कापता, डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर जमा करावं लागायचं. त्याशिवाय पुढचं काही करताच यायचं नाही. मी जमा केलं. मग आम्ही दोघींनी मिळून कार्यक्रम जोडला. काकूचं पुढचं बोलणं मी स्वतः काढलं आणि तिचं फक्त "मी काय भिते का!" एवढंच ठेवलं. त्या जागी बांगड्यांचा आवाज घातला. मैत्रीण म्हणाली, "छान बसलंय." सरांनी ऐकून "थोडं सपाट वाटतंय, बघा अजून काही" एवढंच म्हटलं.

त्यानंतर मला ताप आला. साधा नव्हता, टायफॉइड निघाला. मी शेवगावला घरी पडून होते. कार्यक्रम पाठवायची मुदत त्याच दिवसांत होती. मैत्रिणीचा रोज फोन यायचा. "तू झोप. मी पाठवते. नाव तुझं पहिलं टाकलंय." मला केवढं भरून आलं होतं तेव्हा! अम्मीला म्हटलं, बघ, सख्खी बहीण काय करेल एवढं.

निकाल लागला. पहिलं बक्षीस. बक्षीस समारंभ आमच्याच विद्यापीठाच्या सभागृहात होता, कारण त्या वर्षी यजमान आम्ही होतो. अब्बा आले होते, नवा पांढरा शर्ट घालून, मागून तिसऱ्या रांगेत. पुढं बसा म्हटलं तर म्हणाले, "इथूनच बरं दिसतं." आमची नावं पुकारली. आम्ही स्टेजवर गेलो. पाहुण्यांच्या हातात स्मृतिचिन्ह होतं, फोटोवाला "इकडं बघा" म्हणत होता आणि निवेदिका म्हणाली, विजेत्या कार्यक्रमाचा एक अंश आपण ऐकूया.

सभागृहातल्या मोठ्या स्पीकरमधून काकूचा घोगरा आवाज आला.

"भाभी, पोरीला या सालाला न्हेत न्हाई..."

सगळं आलं. बहीण, बाळंतपण, श्रीरामपूर, थोरला दीर, नवा कोयता. शेवटी "कुनाला ठावं न्हाई, तुला म्हनून सांगते." एवढं झाल्यावर सतारीचा एक तुकडा आणि त्यावर माझ्या मैत्रिणीचा संथ, सुंदर आवाज. टाळ्या थांबेनात. एक परीक्षक बाई डोळे पुसत होत्या. मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला. मी अब्बांकडं बघितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांना ती गोष्ट माहीत नव्हती, पण आवाज कुणाचा आहे ते कळलं होतं.

खाली उतरल्यावर मी तिला पडद्यामागं ओढलं.

"तो तुकडा मी काढला होता."

"अगं, आपण जिंकलोय! आधी श्वास घे."

"काढला होता की नाही?"

"काढला होतास. मी परत लावला. त्याच्याशिवाय होतं काय त्यात? बांगड्यांचा खळखळाट आणि पोरं बरी हायेत का? सर पण म्हणाले, जीव इथं आहे आणि तुम्ही तोच फेकून दिलाय."

"मी शपथ घेतली होती. तू तिथं बसली होतीस."

"नाव आहे का तिचं? गाव आहे? कोण ओळखणार?"

"तिला अख्खा तालुका आवाजावरून ओळखतो."

"आपला रेडिओ कँटीनपर्यंत धड ऐकू येत नाही, आणि तू तालुका काय घेऊन बसलीस!" ती हसली. खरंच हसली. मग मला रडायला आलेलं बघून म्हणाली, "तू आजारी होतीस, मला निर्णय घ्यावा लागला. उद्या नोकरीच्या मुलाखतीत हेच बक्षीस दाखवणार आहेस ना? तेव्हा ये मग शपथ सांगायला."

मी सरांकडं गेले. ते पाहुण्यांना हार-तुरे देऊन नुकतेच मोकळे झाले होते.

"बाळा, तू केवढं मोठं काम केलंयस, तुलाच कळत नाहीये," ते म्हणाले. "त्या बाईवरचा अन्याय आपण समाजासमोर आणला."

"सर, तिनं समाजासमोर आणायला सांगितलं नव्हतं. लपवायला सांगितलं होतं."

"पत्रकारानं इतकं हळवं असू नये."

"मग तो तुकडा पुढं कुठं जायला नको. एवढं तरी करा."

"बघू," ते म्हणाले. पण दोन मिनिटांचा तो अंश, वर आमच्या दोघींचा फोटो लावून, डिपार्टमेंटच्या सगळ्या ग्रुपवर तोपर्यंत गेलेलाही होता. माझ्या मोबाईलवर तो मला चार-पाच जणांकडून आला. 'ऐका, डोळ्यांत पाणी येईल.'

मला लगेच श्रीरामपूरला जायला हवं होतं. मी पुढचे दोन दिवस सरांच्या मागं लागून राहिले, काढून टाका म्हणून. मग अम्मीचा फोन आला. ती घरात आमच्या बोलीत बोलते, इथं मी ते मराठीत लिहिते. "तो आवाज ऊसतोडीच्या टोळ्यांपर्यंत गेलाय," ती म्हणाली. "फडावर संध्याकाळी पोरं मोबाईल लावून बसतात. तिच्या दिरानं ऐकला." मी होते तशी एसटी स्टँडवर गेले.

काकूच्या बहिणीचं घर रेल्वे लाइनच्या पलीकडं होतं. विचारत विचारत पोचले. दारात एक बाई धान्य निवडत होती. मी माझं नाव, गाव सांगितलं, मणियाराची पोरगी म्हटलं. तिनं वर बघितलं.

"मशीन कुठंय?" ती म्हणाली.

"कसलं मशीन?"

"काय रेकॉर्ड करायला आलीस आता?"

मी म्हटलं, मी ते केलं नाही, मी काढून टाकलं होतं, दुसरीनं लावलं.

"असंल. काल दिवेलागनीला घेऊन गेला तो पोरीला. दप्तर पन न्हेऊ दिलं न्हाई. म्हनला, फडात काय करायचंय दप्तर." ती पुन्हा धान्याकडं वळली. मी म्हटलं, आपण पोलिसांत सांगू, मुलांसाठीची हेल्पलाइन असते, मी फोन करते. तशी ती उठून उभीच राहिली. "हात जोडते तुला, पोरी. अजून एक बोभाटा करू नको. माझ्या बहिनीला त्याच फडात दिवस काढायचेत अजून."

मी फोन केला नाही. ती म्हणाली म्हणून केला नाही. बरोबर की चूक हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

दहावीचे पेपर सुरू झाले तेव्हा ती पोरगी आईबरोबर फडात मोळ्या बांधत होती. हंगाम सरल्यावर तिचं लग्न लागलं, आमच्या तालुक्यात नव्हे, लांब कुठं तरी, चार माणसांत. विद्यापीठात आमच्या दोघींचा सत्कार झाला, त्या दिवशी मी गेले नाही. मैत्रिणीनं दोन्ही प्रशस्तिपत्रकं घेतली आणि माझं होस्टेलच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवलं. तिच्याशी मी नंतर बोलले नाही. तिला पुण्यात एका वृत्तवाहिनीत नोकरी लागली. अजून ईदला तिचा मेसेज येतो, चंद्राचं चित्र असलेला.

लोक म्हणतात, झालं ते झालं, तुझा काय दोष. बरोबर आहे, माझा दोष नाही. मी काढायला सांगितलेलं काढलं होतं आणि मी कुणाला फसवलं नाही. पण हे मी तुम्हाला सांगू शकते. बाजारात कुणाला सांगणार? अम्मी एकदाच म्हणाली, "शपथ मोडली तिनं. पण बायका तिला कुठं ओळखतात? त्या मला ओळखतात." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी रागानं बोलायला लागले तरी ती उठून पाणी आणायला जायची.

दुकान बंद पडलं नाही. बायकांना बांगड्या लागतातच आणि अम्मीसारखा हात तालुक्यात दुसरा नाही. पण त्या गप्प बसायला लागल्या. "बोल गं," म्हटलं की "काय बोलायचं, भाभी," म्हणायच्या आणि ताडपत्रीकडं, बांबूकडं, गोधडीखाली असं बघायच्या. गप्प बाईचा हात कडक राहतो. संध्याकाळी आवरताना गोधडीवर काचेचे तुकडे आधीपेक्षा जास्त निघायचे. अब्बा ते मुकाट्यानं गोळा करायचे.

पदवी झाल्यावर मला नगरमध्ये एका छापखान्यात मजकूर तपासायचं काम मिळालं. पुढच्या दिवाळीआधी सुट्टी घेऊन मी बाजाराच्या दिवशी दुकानात मदतीला बसले. गर्दी होती. आणि दिसायच्या आधी ऐकू येणारी ती काकू त्या दिवशी आवाज न करता समोर येऊन उभी राहिली. बरोबर तिची पोरगी. गळ्यात काळी पोत, डोक्यावरून पदर. नवा कोयता होऊन निघाली होती.

"या," अम्मी म्हणाली. "बसा."

दोघी बसल्या. पोरीनं हात पुढं केला. कोवळा हात, पण तळव्याला घट्टे. अम्मीनं तो हातात घेतला, माप बघितलं, हिरव्या बांगड्यांचं तोरण ओढलं. मी काकूकडं बघून म्हटलं, "काकू, मी खरंच—"

काकूनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती अम्मीला म्हणाली, "भाभी, हिला जरा कुठं तरी पाठीव."

राग नव्हता त्यात. वजन करताना तराजूत अडकलेलं पान बाजूला कर म्हणावं, तसं. अम्मीची बोटं पोरीच्या हातावर थांबली. माझ्याकडं बघून ती म्हणाली, "जा बेटा, चहा घेऊन ये."

चहा पंधरा मिनिटांपूर्वीच झाला होता. मी उठले, चपला घातल्या, लसणाच्या ढिगांमधून वाट काढत पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिले. तिथून दुकान दिसत होतं. बाजाराच्या कल्लोळात शब्द काही कळत नव्हता. पण पोरगी मान खाली घालून बोलत होती, काकू मधेच काही तरी म्हणत होती, आणि अम्मी ऐकता ऐकता एकेक बांगडी वर चढवत होती.

दोन्ही हात भरून होईपर्यंत मी तिकडं गेले नाही.